सोलर कंपनीच्या हिशोबाला टॅलीप्राइम : कुठे पुरतं, कुठे हात टेकतं

देवळी-आर्वीकडे भाड्याच्या शेतजमिनीवर दोन-चार सौर प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीला महागड्या ईआरपीची (सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) गरज नाही, टॅलीप्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर पुरतं. नेट गेलं तरी एंट्री थांबत नाही, साइट ऑफिससाठी हा सगळ्यात मोठा गुण. वीज मध्येच गेली तर मात्र डेटा खराब होऊ शकतो, म्हणून यूपीएस आणि रोजचा बॅकअप हवाच. घेताना ‘एडिट लॉग’ आवृत्तीच घ्या. एप्रिल 2023 पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणती एंट्री कधी बदलली याची नोंद, सक्तीचा आहे.

पहिल्याच दिवशी प्रत्येक प्रकल्पाचं कॉस्ट सेंटर (खर्च वेगळा दाखवणारा कप्पा) उघडा. गवतकापणी, पॅनेल धुणं, रखवालदाराचा पगार हे मार्चमध्ये वेगळं काढणं फार जिकिरीचं. जमीनमालकाचं लेजर (खातं) मात्र माणसागणिक करा आणि नावापुढे गट क्रमांक लिहा. एका सातबाऱ्यावर चार-पाच भावंडं असतात. पॅन, बँक खातं, टीडीएस प्रत्येकाचं निराळं.

खरा कस भाड्यात लागतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 चा हेक्टरी 1,25,000 रुपये दर आणि दरवर्षी 3 टक्के वाढ धरली, तर 25 वर्षांचे 45.57 लाख होतात, म्हणजे सरासरी वर्षाला सुमारे 1,82,300. एएस 19 या लेखामानकाप्रमाणे ऑपरेटिंग लीज (साधा भाडेकरार) असेल तर खर्च सगळ्या वर्षांत सारखा वाटायचा, म्हणून पहिल्या वर्षी शेतकऱ्याला 1,25,000 जातात, पण खर्च 1,82,300 दाखवायचा. उरलेल्या 57,300 ची तरतूद. कंपनीला इंड एएस हे दुसरे लेखामानक लागू असतील तर त्यातल्या 116 चं गणित वेगळंच. टॅली यातलं काहीच आपणहून करत नाही. तक्ता एक्सेलमध्ये ठेवा, टॅलीत फक्त जर्नल (रोख-बँकेशिवायची नोंद) टाका.

महिनाअखेरीला विकलेल्या पण बिल न झालेल्या विजेचं उत्पन्न धरताना इन्व्हर्टरचे युनिट धरू नका. ट्रान्सफॉर्मर आणि लाइनच्या गळतीमुळे ते नेहमी जास्त दिसतात. एक्स्पोर्ट मीटरच्या वाचनातला फरक गुणिले मल्टिप्लाइंग फॅक्टर (मीटरचा गुणक), हेच खरं. आणि ही नोंद ‘रिव्हर्सिंग जर्नल’ने करू नका. नावावरून पुढच्या महिन्यात आपोआप उलटेल असं वाटतं, पण ते व्हाउचर फक्त सिनॅरिओत (टॅलीतल्या ‘असं झालं तर’ अहवालात) दिसतं, मूळ ताळेबंदात येतच नाही. साधं जर्नल टाका आणि 1 तारखेला हाताने उलटवा.

घसाऱ्यातही हात टेकतं. आयकरात सौर संयंत्राला घटत्या मूल्यावर 40 टक्के, पहिल्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर 20. पुस्तकातला घसारा निराळा. दोन्ही तक्ते बाहेरच करावे लागतात. वीजविक्री जीएसटीमुक्त असल्याने पॅनेलवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तो कर इनपुट लेजरला टाकून सोडला की मालमत्ता कमी दिसते आणि घसाराही चुकतो. खरेदीच्या एंट्रीतच मालमत्तेत मिळवा.

बंद झालेल्या महिन्यात कोणी एंट्री घुसवू नये म्हणून युजर रोलमध्ये मागील तारखांची कटऑफ लावा. एकच अकाउंटंट असेल तर टॅलीच्या सिल्व्हर (एका वापरकर्त्याच्या) लायसन्सवर भागतं. दोघे-तिघे एकाच वेळी काम करणार असतील तर गोल्ड घ्या.