नागदेवी स्ट्रीटवरचा दुहेरी दगड

माझा घडीचा चाकू टोमॅटोच्या सालीवरून नुसता घसरायचा. आधी घेतलेल्या, खाचेतून ओढून धार लावायच्या यंत्राने पातं ओरबाडलं, धार काही आली नाही. मग मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून धार लावायचा दुहेरी दगड आणला, एका बाजूला १००० ग्रिट, दुसऱ्या बाजूला ६००० (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितका दगड बारीक). पहिले दोन रविवार वाया गेले. दोष दगडाचा नव्हता. हात हलायचा, कोन बदलायचा. पात्याच्या कडेला मार्करची शाई लावली, घासल्यावरही ती कडेला तशीच राहिली, तेव्हा कळलं, मी कडेपर्यंत पोहोचतच नव्हतो! मग पातं आणि दगड यांच्यात २० अंशाच्या आसपास कोन धरून, पलीकडच्या अंगाला बारीक खरखरीत कोर बोटाला लागेपर्यंत १०००वर घासलं, मगच बाजू बदलली. शेवटी ६०००वर अगदी हलका हात, आणि जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर धार मागे ठेवून उलटं ओढलं. आता वर्तमानपत्राचा कागद सरळ चिरतो. पार बोथट पात्याला मात्र १००० फार वेळ खातो, त्यासाठी ४००चा वेगळा घ्या.