डेमो की अल्बम? आर्क्टिक मंकीजचे पहिले रेकॉर्ड ऐकायला घेताना

आर्क्टिक मंकीज या शेफिल्डच्या बँडचा पहिला अल्बम, ‘व्हॉटेव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आय ॲम नॉट’, २३ जानेवारी २००६ रोजी प्रसिद्ध झाला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या ३,६३,७३५ प्रती खपल्या. तोपर्यंत तिथे कुठल्याही बँडचा पहिला अल्बम इतक्या झपाट्याने खपला नव्हता. गायक आणि गीतकार ॲलेक्स टर्नर तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी अल्बमला मर्क्युरी हे ब्रिटनमधले अल्बमसाठीचे मानाचे पारितोषिकही मिळाले. इतके कौतुक वाट्याला येऊनही बँडच्या सर्वांत जुन्या चाहत्यांचे या अल्बमबद्दल एकमत नव्हते आणि आजही नाही. ही गाणी अल्बममध्ये येण्याआधी, डेमोंमध्ये म्हणजे आधीच्या कच्च्या ध्वनिमुद्रणांत, अधिक चांगली होती असे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे म्हणणे आहे.

जळगाव-भुसावळकडची गिटार शिकणारी मुले हल्ली हा बँड नव्याने ऐकू लागली आहेत. “भाऊ, आधी डेमो ऐकू की अल्बम?” हा प्रश्न त्यांच्याकडून मला अधूनमधून येतो. दोन्ही मी बराच काळ ऐकलेले आहे, आणि मित्रमंडळींशी यावर वादही पुष्कळ घातले आहेत. त्यामुळे दोन्ही बाजू जमतील तेवढ्या प्रामाणिकपणे मांडून पाहतो.

डेमोंची हकीकत थोडक्यात अशी, की सुरुवातीच्या दिवसांत बँडने शेफिल्डमध्येच ध्वनिमुद्रित केलेली गाणी सीडीवर उतरवून कार्यक्रमांच्या वेळी फुकट वाटली. ती मिळालेल्या श्रोत्यांनी गाणी संगणकावर घेतली आणि एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. ‘बिनीथ द बोर्डवॉक’ या नावाने जो संच आज ओळखला जातो तो बँडने कधी प्रसिद्ध केलेला नाही. ते नाव चाहत्यांनी दिले, आणि ज्या बोर्डवॉकवरून ते आले ते शेफिल्डमधले कार्यक्रमांचे ठिकाण होते, जिथे टर्नर बारमध्ये कामाला होता. अल्बमच्या वेळी मात्र डॉमिनो ही रेकॉर्ड कंपनी पाठीशी होती, जिम ॲबिस हे निर्माते होते आणि बहुतेक काम लिंकनशायरमधल्या चॅपेल स्टुडिओत झाले. म्हणजे बरीचशी गाणी तीच, पोरेही तीच. मध्ये फार तर दीड-दोन वर्षांचे अंतर आणि एक व्यावसायिक स्टुडिओ. वाद आहे तो एवढ्याच अंतराबद्दल.

अल्बमची बाजू घेणाऱ्यांचा पहिला मुद्दा क्रमाचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. अल्बममधली तेरा गाणी ढोबळमानाने एका रात्रीची गोष्ट सांगतात: दुपारपासून लागलेली संध्याकाळची ओढ, क्लबमधली धांदल, दारावरच्या रखवालदारांशी झालेली हुज्जत, आणि शेवटी घराकडे परतताना स्वतःच्या गावाबद्दल व तिथल्या पोरांबद्दल आलेला विचार. ‘द व्ह्यू फ्रॉम द आफ्टरनून’ हे पहिले गाणे डेमोंच्या संचात नाही, आणि मॅट हेल्डर्सने त्यात जे ड्रम वाजवले आहेत केवळ त्यांच्यासाठी अल्बम ऐकावा अशा तोडीचे ते आहेत. डेमोंना असा क्रम नाही. ज्याच्या हाती जसा संच आला तशी गाणी मागेपुढे झालेली असतात, दर्जाही गाण्यागणिक बदलतो, आणि काही गाणी तर शाळकरी वाटावीत इतकी कच्ची आहेत. माझ्या माहितीतले जे चाहते अल्बमने सुरुवात करून तिथेच थांबले, त्यांचे फार मोठे नुकसान झाले असे मला म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा सफाईचा. बास आणि ड्रम अल्बममध्ये एकमेकांना घट्ट धरून चालतात, दोन्ही गिटारांचे काम वेगवेगळे ओळखू येते, आणि ‘आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर’ हे गाणे ऑक्टोबर २००५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर का गेले ते दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागत नाही. वाजवायला शिकणाऱ्या मुलाला गाणे बसवायचे असेल तर त्याने अल्बमच समोर ठेवावा, कारण डेमोंमध्ये बासच्या ओळी काही ठिकाणी इतक्या गढूळ आहेत की स्वर शोधता शोधता वेळ जातो.

एवढे सगळे मान्य करूनही माझा कौल ज्या एका त्रासामुळे फिरला, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. तो त्रास आहे अल्बमच्या आवाजाचा. आवाज मोठा आहे एवढेच म्हणणे नाही, तो सतत मोठा आहे. त्या काळात रेकॉर्ड तयार करताना हळू भाग वर उचलायचे आणि मोठ्या भागांचे शेंडे दाबायचे, म्हणजे रेडिओवर किंवा सीडी लावल्याबरोबर आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा दणदणीत वाटेल, अशी चढाओढ लागलेली होती, आणि माझ्या कानांना तरी हा अल्बम त्या चढाओढीत सापडलेला वाटतो. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल: आवाज कमी-जास्त होणेच थांबले की काही वेळाने कान निवड करणे सोडून देतात, आणि समोर कोणते गाणे चालू आहे याने फारसा फरक पडेनासा होतो.

उदाहरण म्हणून ‘व्हेन द सन गोज डाउन’ घ्यावे. या गाण्याची सुरुवात एक गिटार आणि टर्नरचा एकटा आवाज यांनी होते. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मुलीकडे आणि तिच्यामागे असलेल्या एका हलकट माणसाकडे पाहत तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो, आणि मग सगळा बँड एकदम तुटून पडतो. गाण्याची सगळी ताकद त्या दोहोंमधल्या अंतरात आहे. अल्बममध्ये ते अंतर मला आखडलेले वाटते, कारण सुरुवातीचा एकटा आवाजच इतका पुढे आणून ठेवलेला आहे की बँड आल्यावर त्याला चढायला पायरीच उरत नाही. डेमोमध्ये हेच गाणे ‘स्कमी’ या नावाने आहे. तिथे सुरुवातीला ऐकण्यासाठी थोडे पुढे झुकावे लागते, तारांवरून सरकणारी बोटे ऐकू येतात, आणि त्यानंतर ड्रम आले की माणूस खरोखर दचकतो. सफाई अल्बमची जास्त आहे यात शंका नाही, पण गाणे जे सांगते आहे ते डेमोमध्ये अंगावर येते.

हा त्रास सर्वांत जास्त भोवतो तो अगदी शेवटी. ‘अ सर्टन रोमान्स’ हे तेरावे गाणे माझ्या मते बँडच्या त्या काळातले सर्वोत्तम गाणे आहे, आणि चाहत्यांचे दोन्ही गट निदान याबाबतीत भांडत नाहीत. गावातल्या टवाळ, भांडकुदळ पोरांवर रागावत रागावत शेवटी तीही आपल्याच जिवाभावाची माणसे आहेत, त्यांच्यावर तसे रागावता येत नाही, अशा जागी ते गाणे येऊन पोहोचते, आणि पुढचे सगळे शब्दांवाचून गिटारवर सोडून देते. चौकात, पानटपरीवर ज्याचे मित्र आहेत आणि ज्याने स्वतः शिकून बाहेर पडण्याची वाट धरली आहे, अशा चाळीसगावच्या किंवा शहाद्याच्या मुलाला हे गाणे समजावून सांगावे लागणार नाही. पण अल्बम सलग ऐकत या गाण्यापर्यंत पोहोचेपर्यंत माझे कान थकलेले असतात. मधे सातव्या क्रमांकावरचे ‘रायट व्हॅन’ तेवढे थोडा विसावा देते. ज्या गाण्यासाठी मन सर्वांत ताजे हवे ते सर्वांत दमलेल्या कानांच्या वाट्याला यावे, ही गोष्ट मला अल्बमबद्दल शेवटपर्यंत खटकत राहिली. डेमोमधले ‘अ सर्टन रोमान्स’ वाजवण्यात किंचित सैल आहे, पण त्यातल्या शेवटच्या गिटारभोवती मोकळी जागा आहे, आणि त्या जागेमुळेच ते मनात रेंगाळते.

मोबाइलवर ऐकणारे यावर म्हणतात की हल्लीची स्ट्रीमिंग ॲप्स सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप एका पातळीवर आणतात, तेव्हा ही तक्रार जुनी झाली. ते अर्धेच खरे आहे. ॲप अल्बमचा एकंदर आवाज खाली आणते, पण रेकॉर्ड तयार करताना जो चढउतार दाबून टाकला गेला तो त्यामुळे परत येत नाही. दाबलेले गाणे तेवढे हळू वाजते, इतकेच.

तरी एक गोष्ट अल्बमच्या बाजूने सांगितलीच पाहिजे, आणि ती आपल्या भागाला विशेष लागू आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा भुसावळच्या घरात दिवसभर कूलर चालू असतो, आणि कूलरच्या त्या घरघरीत डेमोमधले हळू भाग बुडून जातात. ‘मार्डी बम’ची सुरुवातीची हलकी गिटार तर ऐकूच येत नाही. रोज रेल्वेने अप-डाउन करणाऱ्यांची गतही तीच: डब्याच्या खडखडाटात अल्बम टिकतो, डेमो टिकत नाही. अल्बम ज्या कारणाने मला थकवतो, नेमके तेच कारण गोंगाटात त्याच्या कामी येते. ज्याचे ऐकणे बहुतांशी प्रवासात होते त्याने माझ्या तक्रारीला फार वजन देऊ नये. मी स्वतः बहुतेक संगीत रात्री जेवणानंतर गच्चीवर, हेडफोन लावून ऐकतो, आणि माझा कौल त्या ऐकण्याचा आहे.

उच्चारांबद्दलही चाहते भांडतात. टर्नर आपल्या शेफिल्डच्या बोलीत गातो, इंग्रजी रॉकमध्ये सर्रास चालणारा अमेरिकी सूर तो ओढूनताणून लावत नाही, आणि ‘फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ हे गाणे तर तसा सूर लावून मिरवणाऱ्या स्थानिक बँडांनाच उद्देशून आहे. ज्यांच्या घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलली जाते आणि कॉलेजात गेल्यावर जी जिभेआड ठेवावी लागते, त्यांना या बँडबद्दल वाटणाऱ्या जवळिकीचे हे मोठे कारण आहे असा माझा अनुभव आहे. बोली अल्बममध्ये धुऊन काढली गेली हा काही चाहत्यांचा आरोप मला पटत नाही. ती दोन्हीकडे आहे. डेमोमध्ये आवाज वाद्यांच्या गर्दीत कमी चेपलेला असल्यामुळे तिचे हेल जास्त स्पष्ट कळतात, एवढाच फरक मला जाणवतो.

संचातल्या जास्तीच्या गाण्यांसाठी डेमो शोधावेत असे मात्र मी म्हणणार नाही. ‘बिगर बॉइज अँड स्टोलन स्वीटहार्ट्स’ हे एक नक्की ऐकण्यासारखे आहे, आणि ते पुढे ‘डान्सफ्लोर’च्या सिंगलवर दुसऱ्या बाजूला आलेही. बाकीची अल्बममधून गळाली ती बहुतांशी योग्यच गळाली.

तेव्हा ज्याला अजून ठरवायचे आहे त्याला मी असे सुचवेन, की पैसे खर्च करायचे असतील तर ते अल्बमवर करावेत, कारण डेमो कधी विकायला नव्हतेच आणि त्या पोरांच्या कष्टाचे मोल अल्बममधूनच त्यांच्यापर्यंत पोहोचते. पण पहिले ऐकणे शक्यतो डेमोंचे असावे, तेही सगळा संच एका बैठकीत संपवण्याच्या आग्रहाने नव्हे. ‘स्कमी’, ‘मार्डी बम’ आणि ‘अ सर्टन रोमान्स’ ही तीन गाणी शांत वेळी, कूलर बंद असताना ऐकावीत, आणि दुसऱ्या दिवशी अल्बम पहिल्या गाण्यापासून लावावा. अल्बम सलग ऐकवत नसेल तर ‘रायट व्हॅन’नंतर खुशाल थांबावे आणि उरलेली गाणी वेगळ्या वेळी, ताज्या कानांनी ऐकावीत. मी आता अल्बम असाच दोन भागांत ऐकतो, आणि ‘अ सर्टन रोमान्स’ची पाळी आली की बहुतेक वेळा डेमोच लावतो.