कॅमल खाडीचे दोन काठ : चालायला एकच दिवस असेल तर

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला जाणारी आपली मंडळी पॅडस्टोला हमखास उतरतात. मग दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, की आईबाबा सोबत आहेत, चालायला एकच दिवस आहे, तर वेडब्रिजपर्यंत कॅमल ट्रेलने जावं, की तरीने, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीने, रॉक गावाला उतरून पोल्झेथ गाठावं? मी दोन्ही वाटा तीन-चारदा चाललो आहे, बहुतेक वेळा घरच्यांबरोबर. फोनवर प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी एक सांगून टाकतो. कॅमल या नावाचा उंटाशी संबंध नाही. जुन्या कॉर्निश भाषेत त्याचा अर्थ वाकडी, वळणाची नदी. वेडब्रिजपाशी ती जेमतेम नदी असते, आणि पॅडस्टोला येईपर्यंत तिची आपल्या दाभोळसारखी रुंद खाडी होते. पॅडस्टो पश्चिम काठावर, रॉक पूर्वेला, मध्ये काही मिनिटांची तर.

कॅमल ट्रेल म्हणजे जुना लोहमार्ग. १८९९ साली गाडी पॅडस्टोपर्यंत आली आणि पुढे कित्येक वर्षं लंडनच्या वॉटर्लूहून थेट डबे इथे येत. १९६७ मध्ये मार्ग बंद झाला, रूळ निघाले, वाट उरली. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे या साडेपाच मैलांत चढ जवळपास नाहीच. बाबागाडी जाते, व्हीलचेअर जाते, गुडघे दुखणारी माणसंही न थांबता जातात. पॅडस्टोहून निघाल्यावर थोड्याच वेळात खाडीच्या लिटल पेथरिक नावाच्या फाट्यावरचा लोखंडी पूल लागतो. त्याच्या तीन गाळ्यांखालून ओहोटीचं पाणी ज्या वेगाने बाहेर धावतं, ते बघण्यासारखं असतं. पुलाजवळच्या डेनिस टेकडीवर व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचा स्तंभ आहे. तिथे चढलात तर सगळी खाडी एका नजरेत येते, आणि या बाजूचं सगळ्यात चांगलं दृश्य तेच. पुढे दगडाच्या जुन्या खाणी, मग चिखलाची मैदानं, मग वेडब्रिज. चालायचं तर पॅडस्टोकडून वेडब्रिजकडे चाला. वारा बहुधा समुद्राकडून येतो, तो पाठीशी राहतो.

पक्षी बघायचे असतील तर भरती अर्धी असताना निघावं असं माझं मत. पूर्ण ओहोटीला बगळे आणि लांब वाकड्या चोचीचे कर्ल्यू दूर पाण्याच्या रेघेपाशी जातात. पाणी चढू लागलं की तेच पक्षी हळूहळू काठाकडे सरकतात, आणि दुर्बीण नसली तरी चालतं.

आता माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला ती. ट्रेलवर सायकली असतात. हे सगळ्यांनाच माहीत असतं, मलाही होतं, पण किती, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. दोन्ही टोकांना सायकली भाड्याने मिळतात आणि सुट्टीच्या दिवशी दहा वाजल्यापासून घरंच्या घरं त्यावरून निघतात. पुढे वडील, मागे जोडलेल्या छोट्या गाडीत बाळ, मध्ये नुकतीच चालवायला शिकलेली सहा-सात वर्षांची मुलं. ही माणसं वाईट वागत नाहीत. उलट बहुतेक जण घंटी वाजवतात आणि जाताना आभारही मानतात. वाट त्यांचीही तितकीच आहे.

पण माझ्या बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. गेल्या वेळी आम्ही दोघं निघालो, तेव्हा पहिला अर्धा तास मी त्यांचं कोपर धरून चाललो. मागून घंटी वाजली की त्यांना बाजूला घ्यायचं, सायकल गेली की सोडायचं, दोन मिनिटांनी परत तेच. बाबांचं सगळं बालपण वाशिष्ठीच्या खाडीवर गेलंय. पाणी उतरताना चिखलावर उमटणाऱ्या रेघा त्यांना थांबून बघायच्या होत्या. आमच्याकडे मुळे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायला कुठे जायचे, त्या जागेबद्दल त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि ते वाक्य तीनदा अर्धवट राहिलं. शेवटी ते म्हणाले, "अरे, चल पटापट, उगाच कुणाच्या मध्ये नको." पुढचे तीन मैल ते खाली वाटेकडे बघत चालले. खाडी शेजारीच होती, पण ती त्यांनी पाहिली नाही.

शेजारी-शेजारी चालता येत नाही, बोलता येत नाही, मनात आलं म्हणून थबकता येत नाही. माझ्यासाठी हा साधा त्रास नाही. चालण्यातून मला जे हवं असतं, नेमकं तेच तिथे निघून जातं. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी एकटा याच ट्रेलवर होतो. तेव्हा तासाभरात मोजून चार सायकली भेटल्या आणि वाट फार सुंदर वाटली. त्यामुळे मी ट्रेलला नावं ठेवणार नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांना रजा मिळते ती मे ते ऑगस्टमध्येच.

दुसऱ्या काठाला या मानाने गैरसोयी जास्त. पलीकडे नेणारी तर भरतीला बंदरातून सुटते. पाणी उतरलं की बंदराचा बाहेरचा भाग कोरडा पडतो, मग उत्तरेला युद्धस्मारकाच्या खालच्या पुळणीपर्यंत चालत जाऊन तिथून चढावं लागतं. इथे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत सहा मीटरांहून जास्त फरक पडतो, तेव्हा हे नाटक नाही, खरंच पाणी जातं. पलीकडे उतरल्यावर रॉकपासून डेमर बेपर्यंत पायाखाली वाळू आहे, कोरडी आणि भुसभुशीत. पोल्झेथ तीनच मैल, पण ट्रेलवरच्या पाच मैलांपेक्षा पोटऱ्या जास्त भरून येतात. परत यायचं तेही त्याच वाटेने. शेवटची होडी चुकली तर वेडब्रिजच्या पुलावरून मोठा वळसा पडतो.

तरीही मी ओहोटी बघून तिकडेच जातो. पाणी उतरलेलं असलं की वाळूच्या टेकड्यांमधली वाट सोडून थेट किनाऱ्याच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालता येतं. तिथे पाय रुतत नाही आणि पोटऱ्यांची तक्रार निम्मी होते. ब्री टेकडीच्या पायथ्याला वळसा घातला की समोर खाडीचं मुख उघडतं, आणि तिथे पाण्याखालचा वाळूचा बांध लाटांच्या पांढऱ्या पट्टीवरून ओळखू येतो. हाच डूम बार. या वाळूवर शेकडो जहाजं फुटली. गावातली जुनी गोष्ट अशी, की पॅडस्टोच्या एका तरुणाने जलपरीला मारलं आणि मरताना तिने बंदराला वाळूचा शाप दिला. खाडीच्या तोंडाशी साचणाऱ्या गाळाचं दुखणं कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाबा तिथे बराच वेळ उभे होते. होडी आत कुठून आणावी लागत असेल ते हाताने दाखवत होते, आणि मागून कुणीही घंटी वाजवली नाही.

टेकडीच्या मागे, गोल्फच्या मैदानाच्या मध्यात सेंट एनोडॉकचं चर्च आहे. वाट मैदानातूनच जाते, पांढऱ्या दगडांच्या खुणा धरून चालायचं आणि चेंडूकडे लक्ष ठेवायचं. हे चर्च एके काळी जवळजवळ पूर्ण वाळूत गाडलं गेलं होतं. देऊळ चालू आहे असं कागदोपत्री राहावं, म्हणून धर्मगुरू वर्षातून एकदा छताच्या भोकातून आत उतरत, असं सांगतात. १८६४ साली वाळू उपसून ते मोकळं केलं. किंचित कललेलं त्याचं शिखर अजून तसंच आहे. राजकवी जॉन बेट्जमन यांची कबर या अंगणात आहे, १९८४ सालची, कोरीव अक्षरांच्या काळ्या दगडाची. आत बाकावर पाच मिनिटं बसा. बाहेर कितीही वारा असला तरी आत फारसा ऐकू येत नाही.

डेमर बेला स्वच्छतागृह आहे. ज्येष्ठांना तिथूनच परत फिरायचं असेल तर फिरावं, पोल्झेथपर्यंत गेलंच पाहिजे असं नाही. पुढचा खडकाळ भाग छान आहे, पण पोल्झेथ स्वतः लाटांवर खेळणाऱ्यांचं गाव, माझं मन तिथे फारसं रमलं नाही. खायला पॅडस्टोतूनच चीज-कांद्याची पास्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजी) बांधून घ्या आणि उघड्यावर खाताना सीगलपासून जपा.

घरात बाबागाडी असेल, कुणाचे गुडघे खरंच वाळूला साथ देणार नसतील, किंवा मुलांना सायकलच चालवायची असेल, तर ट्रेल घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त सकाळी नऊच्या आत निघा. थंडीत जात असाल तरीही ट्रेलच, कारण हिवाळ्यात रविवारी होडी नसते. बाकी सगळ्यांना मी रॉक सुचवेन. आदल्या रात्री ओहोटीची वेळ बघा, तिच्या दीड-दोन तास आधी पॅडस्टो सोडा, आणि उतरताना तरीवाल्याला शेवटची फेरी किती वाजता ते विचारून घ्या. बाबा पुन्हा मे महिन्यात येतायत. त्यांनी फोनवर त्या ट्रेलबद्दल काही विचारलं नाही, फक्त एवढंच विचारलं, की त्या आठवड्यात उधाण आहे की भांग, म्हणजे भरती-ओहोटी मोठी की लहान.