पांगवायची की एका पट्ट्यात ठेवायची?

अमेरिकेतल्या आमच्या लहानशा गावात ॲडल्ट दुकानं आणि स्ट्रिप क्लब यांच्यासाठी झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागी कोणता धंदा चालेल याचा, नियम ठरतो आहे. सुनावणीची नोटीस घरोघरी आली, तेव्हा ओळखीतल्या मराठी मंडळींचं एकच म्हणणं होतं: सरळ बंदी घाला. पण तो पर्याय हाताशी नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणामुळे अमेरिकेतल्या गावाला असा धंदा सरसकट हद्दपार करता येत नाही. जागा, अंतर, वेळ यांसारख्या अटी मात्र घालता येतात. तुमच्या गावात हीच वेळ आली, तर मत देण्याआधी दोन वाटा नीट पाहून घ्या.

पहिली वाट डेट्रॉइटची, पांगवण्याची. १९७२ च्या तिथल्या नियमाप्रमाणे अशा दोन धंद्यांपासून १००० फुटांच्या, म्हणजे साधारण ३०० मीटरच्या आत तिसरा काढता येत नव्हता. यादीत ॲडल्ट थिएटरांबरोबर बार, गहाणवटीची दुकानं, बिलियर्डचे अड्डे, अगदी बूटपॉलिशची दुकानंसुद्धा होती. एखादं दुकान वस्ती बिघडवत नाही, ती घोळक्याने बिघडते, असा त्यामागचा विचार. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी मान्य केला.

दुसरी वाट बॉस्टनची. तिथे १९७४ मध्ये उलटं केलं: वॉशिंग्टन स्ट्रीटच्या खालच्या भागातला ‘कॉम्बॅट झोन’ हाच अधिकृत पट्टा ठरवला. सगळं एका जागी राहील, पोलिसांना नजर ठेवता येईल आणि बाकीचं शहर सुटेल, हा हिशोब कागदावर पटण्यासारखा होता. पण १९७६ च्या नोव्हेंबरात हार्वर्डच्या फुटबॉल संघातल्या एका विद्यार्थ्याला तिथे भोसकलं, महिन्याभराने तो गेला, आणि पट्ट्याबद्दलचं शहराचं मत पालटलं. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती पट्ट्याला खेटून असलेली वस्ती. ती चायनाटाउन होती. बाकीचं शहर सुटलं, त्याची किंमत तिथल्या कुटुंबांनी आपल्या दारात मोजली. पुढे व्हिडिओ कॅसेट आल्या, जमिनीचे भाव चढले, चायनाटाउनच्या रहिवाशांनी जोर लावला आणि पट्टा आटत गेला.

त्यामुळे माझा कौल पांगवण्याकडे आहे. लॉस एंजेलिसने १९७७ मध्ये केलेल्या पाहणीतही असे धंदे जिथे एकवटले होते, तिथे चोऱ्या, मारहाण, वेश्याव्यवसाय जास्त आढळला. त्यावरून धंद्यामुळेच गुन्हे वाढले असं सिद्ध होत नाही. मुळात पडझडीला लागलेल्या भागातच अशी दुकानं स्वस्तात जागा धरतात. तरी घोळका टाळण्याइतकं कारण त्यात नक्की आहे.

मात्र पांगवताना अंतर किती धरायचं, यावर सगळं अवलंबून आहे. सिएटलजवळच्या रेंटनने घरं, चर्च, बागा, शाळा यांपासून १००० फूट सांगितलं, आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, कारण त्यानंतरही ५२० एकर, म्हणजे शहराच्या ५ टक्क्यांहून जास्त जमीन मोकळी राहत होती.

याच्या उलट मुंबईची गोष्ट आठवा. २००५ मध्ये राज्याने डान्सबारवर बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं वगळली. तो भेदभाव न्यायालयात टिकला नाही. मग २०१६ च्या कायद्याने शाळा आणि देवळांपासून एक किलोमीटरची अट आणली. मुंबईत गल्लीच्या तोंडाशी देऊळ आणि पुढच्या वळणावर शाळा. किलोमीटरभर मोकळी जागा शोधायची कुठे? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट अवास्तव ठरवून रद्द केली. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळेची मर्यादा मात्र राहिली. वेळ, दिवे, पार्किंग, बाहेरच्या पाट्या यांवरच्या अटी शेजाऱ्यांना रोज उपयोगी पडतात आणि कोर्टातही सहसा टिकतात, म्हणून अंतराइतकाच आग्रह त्यांचाही धरा.

व्याख्याही घट्ट हवी. न्यूयॉर्कने ॲडल्ट धंद्यांच्या झोनिंगचा १९९५ चा नियम लावताना ४० टक्क्यांहून कमी माल ॲडल्ट असेल तर दुकान साधं मानलं. दुकानदारांनी उरलेल्या जागेत कुणी विकत न घेणारा स्वस्त माल भरला आणि धंदा पूर्वीसारखाच चालू ठेवला. पळवाट बुजवणारी २००१ ची दुरुस्ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य करेपर्यंत २०१७ उजाडलं.

नोटीस आली त्या रात्री मी गावाचा नकाशा छापून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि मुलाच्या कंपासने वर्तुळं काढली. आधी १००० फुटांची. शाळा, बागा, तिन्ही चर्च धरली. उरला तो रुळांपलीकडचा एकच तुकडा, आणि त्याला लागून ट्रेलर पार्क, म्हणजे हलवता येणाऱ्या स्वस्त घरांची वस्ती. तिथे साठेक कुटुंबं राहतात. बहुतेक जण रात्रपाळीला जाणारे. संध्याकाळच्या सुनावणीला त्यातलं कुणी दिसत नाही. झोनिंगच्या नकाशावर ती जागा ‘व्यापारी’ म्हणून रंगवलेली, म्हणून तिथल्या घरांभोवती वर्तुळच नव्हतं. म्हणजे पांगवण्याच्या नावाखाली आम्हीही बॉस्टनचंच करत होतो.

मग ५०० फुटांची वर्तुळं काढली आणि ट्रेलर पार्कलाही निवासी धरलं. हायवेलगत चार तुकडे निघाले, एकमेकांपासून बरेच लांब, आणि कुठलाही कुणाच्या घराला खेटून नाही. सुनावणीत मी तोच नकाशा मांडणार आहे. ट्रेलर पार्कच्या दारांवर सुनावणीची तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्या रविवारी लावून आले.