आठवीपासून फाउंडेशन, की अकरावीपासून जेईई?

आठवीतल्या मुलांच्या घरी सध्या फाउंडेशनच्या, म्हणजे आठवीपासूनच जेईई या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या क्लासवाल्यांचे फोन येतायत. "स्कॉलरशिप टेस्टमध्ये तुमच्या मुलाला फीमध्ये सवलत मिळाली आहे, शनिवारपर्यंत सीट पक्की करा." मी मुलुंडच्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. दोन्ही वाटांनी गेलेली मुलं माझ्या वर्गातून गेली आहेत, म्हणून पैसे भरायच्या आधी थोडं सांगते.

आयआयटीचा प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर होतो. ती परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. जेईईच्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे मेन्समधल्या वरच्या अडीच लाख मुलांना तिथे बसता येतं, आणि बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. आठवी-नववीचा एकही मार्क यात कुठे धरला जात नाही.

मग फाउंडेशनने काय मिळतं? रोज अवघड गणिताशी झटायची सवय आणि तशीच झटणारी सोबत. ज्याला हे मनापासून आवडतं, त्याला या दोन गोष्टींचा खरंच उपयोग होतो. पण बहुतेक ठिकाणी सवय लावण्याऐवजी पुढचा पोर्शनच आधी उरकतात. माझ्या वर्गातल्या फाउंडेशनला जाणाऱ्या नववीच्या एका मुलाला अकरावी-बारावीतली डेरिव्हेटिव्हची सूत्रं तोंडपाठ होती. फळ्यावर ७ − २(एक्स − ३) लिहून दिलं, तर त्याने उत्तर लिहिलं १ − २एक्स. कंसाबाहेरच्या वजाने आतलं चिन्ह बदलतं, हे त्याच्या हातात बसलंच नव्हतं. त्याला शेजारी बसवून तीन आठवडे नुसते कंस सोडवून घेतले. तो क्लाससाठी शाळेतून थेट ठाण्याची लोकल पकडायचा, डबा गाडीत खायचा, घरी यायला रात्रीचे नऊ. कंसांसाठी त्याला वेळच उरला नव्हता.

अकरावीपासून सुरुवात केली तर दोन वर्षांचा वेग जीवघेणा असतो, हे खोटं नाही. दहावीची परीक्षा संपल्या संपल्या बॅच सुरू होतात आणि पहिल्या काही महिन्यांत फाउंडेशनची मुलं पुढे दिसतात. पण ज्याचं बीजगणित आणि त्रिकोणमिती पक्की आहे तो दिवाळीपर्यंत त्यांना गाठतो, हे मी अनेकदा पाहिलंय. ज्याचं पक्कं नाही, तो मागे पडतो. म्हणून आठवी-नववीत करायचं काम तेवढंच: राज्य मंडळाचं पुस्तक पूर्ण करून एनसीईआरटीचं गणित-विज्ञान घरी सोडवा. गोडी असेल तर आयओक्यूएम या गणिताच्या परीक्षेला बसवा, ती आठवीपासून देता येते. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ज्या गणित ऑलिम्पियाड स्पर्धेचं काम बघतं, त्याची ही पहिली पायरी.

मराठी माध्यमाच्या पालकांनी आणखी एक लक्षात घ्या. मेन्स मराठीतून देता येते, अ‍ॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द नववीपासूनच सरावात आणा, त्याला क्लास लागत नाही.

आणि मुंबईच्या व्हीजेटीआयसारखं इंजिनिअरिंग कॉलेज डोळ्यांसमोर असेल, तर त्यासाठीच्या एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि साधारण ८० टक्के प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. तिच्यासाठी आठवीत फी भरणं मला अजिबात पटत नाही.

माझं मत सरळ आहे: बहुतेक मुलांसाठी अकरावी. मूल सांगितल्याशिवाय अवघड गणितं घेऊन बसत असेल तरच फाउंडेशन, तेही घराजवळ आणि फक्त शनिवार-रविवार. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊच नये, असं म्हटलंय. मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी, हेही त्यातच आहे. तरीही नाव घालणार असाल, तर हे पावतीवर लिहून घ्या आणि मगच पहिला हप्ता भरा.