हिरव्या भिंतीपायी 9 लाख 18 हजारांचा चुना

आधीच सांगतो, शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. घरी खाऊन झाल्यात, आता तुमच्याही चालतील. पण अजून कोणी या टोळीच्या हाती लागू नये म्हणून लाज गुंडाळून ठेवली.

आमच्या ऑफिस बिल्डिंगच्या दर्शनी भिंतीवर व्हर्टिकल गार्डन करायचं ठरलं. 12 मीटर रुंद, 5 मीटर उंच, म्हणजे 60 चौरस मीटर. चौरस मीटरला 15 हजार दर, एकूण 9 लाख. 60 टक्के अ‍ॅडव्हान्स म्हणजे 5 लाख 40 हजार, झाडं लागली की 2 लाख 70 हजार, उरलेले 90 हजार महिन्याने. वर एका वर्षाचं मेंटेनन्स 1 लाख 8 हजार, तेही आधीच. ("सर, आत्ता भरलं तर खत फ्री.") खत फ्री! ज्या भिंतीला खताची टाकीच नव्हती तिथे फ्रीच असणार ना.

कंत्राटदार गोड बोलणारा, हे वेगळं सांगायला नको. टॅबवर फोटो दाखवले, त्यातली एक प्रचंड भिंत दाखवून म्हणाला हे आमच्या टीमचं काम, तुम्हाला हीच डेन्सिटी देतो, मीटरला 30 रोपं. तो फोटो स्पेनमधल्या माद्रिदच्या काइशाफोरम या कलाकेंद्राशेजारच्या भिंतीचा होता. पॅट्रिक ब्लांक या फ्रेंच माणसाचं काम, 460 चौरस मीटर, 15,000 झाडं, 250 जाती. जगात या विषयात ज्याचं नाव पहिलं निघतं त्याची भिंत हा पठ्ठ्या स्वतःच्या नावावर खपवत होता आणि मी "वा वा" करत होतो. आता मला हे सगळं पाठ आहे, तेव्हा फोटो इमेज सर्चला टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. म्हणून फोटो बघूच नका, त्याने 2 वर्षांपूर्वी लावलेली भिंत प्रत्यक्ष दाखव म्हणा. पहिल्या दिवशी कुठलीही भिंत हिरवीच असते.

काम 5 दिवसांत झालं आणि मी खूश, किती फास्ट! नीट करणारे बरेच लोक पॅनेलमध्ये रोपं आधी नर्सरीत 2-3 महिने वाढवतात, मुळं धरू देतात, मग भिंतीवर चढवतात. म्हणजे ऑर्डर दिल्यावर "माझी पॅनेल कुठे वाढताहेत, बघायला येतो" एवढंच विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

आता तो क्षण. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, मी भिंतीजवळ गेलो तर एक पोरगा पाइप धरून हाताने पाणी मारत होता. ऑटोमॅटिक ड्रिपचे पैसे घेतलेत आणि हा पाइपने कशाला मारतोय, असं विचारलं तर म्हणे "पहिलं पाणी हातानेच घालतात." बरं. टाकी, पंप, टायमर कुठंय? "टाकी सोमवारी येतेय, तोवर डायरेक्ट नळाला जोडतो." बरं. मग खालून तिसऱ्या ओळीतलं एक स्पायडर प्लांट वाकडं दिसलं म्हणून सरळ करायला गेलो तर ते अख्खं हातात आलं, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीसकट! नर्सरीतून आणलेली कुंडी तशीच फेल्टच्या, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाच्या, खिशात कोंबलेली. ती कुंडी हातात धरून मी उभा होतो, मंडळी. आजूबाजूला पार्किंगमध्ये खुर्च्या लागत होत्या, दुसऱ्या दिवशी दीडशे पाहुणे येणार होते. आणि मी काय केलं, तर ती कुंडी स्वतःच्या हाताने परत खिशात खोचली, पानं नीट पसरवली आणि आत जाऊन 2 लाख 70 हजारांचं ट्रान्सफर केलं. तेही त्याच्या पर्सनल अकाउंटवर, कारण "कंपनीच्या अकाउंटचं मर्जर चालू आहे."

तुम्ही म्हणाल मूर्ख आहेस. असेन. पण आमचं काम हिशेबाचं, बागायतीचं नाही, आणि त्या क्षणी तुमच्यापैकी कितीजणांनी कार्यक्रम रद्द केला असता, खरं सांगा.

टाकी आलीच नाही. आठव्या दिवसापासून वरून दुसरी-तिसरी ओळ करपायला लागली, तळाच्या ओळी सडायला लागल्या. कारण साधं आहे, ड्रिपची एकच नळी वर फिरवलेली, तीही साध्या ड्रिपरची, प्रेशर कमी-जास्त झालं तरी पाणी सारखं देणारे ड्रिपर महाग पडतात ना. वर कोरडं आणि सगळं पाणी खाली साठतंय. फेल्टमध्ये माती नसते, दिवसातून कैक वेळा थोडं थोडं पाणी आणि त्यातूनच खत द्यावं लागतं, कडक उन्हात एक दिवस पाणी चुकलं तरी खेळ खलास. फोन केला की "झाडं सेट होताहेत सर." विसाव्या दिवशी फोन बंद.

मग मी शिडी लावून स्वतः मोजली. 1,800 सांगितलेली रोपं प्रत्यक्षात 1,112. त्यातली 340 कुंडीसकट. आणि सगळ्यात वरच्या ओळीतली 96 चक्क प्लास्टिकची, ती अजून हिरवीगार आहेत.

फ्रेम काढली तर मागे वॉटरप्रूफ बोर्ड नाही, हवेची फट नाही, नुसतं पॅकिंगचं पातळ प्लास्टिक ठोकलेलं, आणि खाली पाणी वाहून न्यायला पन्हळसुद्धा नाही. आतल्या अकाउंट्स रूमला ओल आली, तिचा खर्च 1 लाख 35 हजार, वेगळा. वजनाचं तर कोणी गणितच केलं नव्हतं. हलकी फेल्टची सिस्टिम ओली असताना मीटरला 30 किलो धरली तरी 60 मीटरचे 1,800 किलो झाले, ते कसल्या बोल्टवर लटकत होते ते आठवलं की रात्री झोप उडते. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असल्याशिवाय भिंतीला ड्रिल लावू देऊ नका.

पोलिसात गेलो. पहिल्या साहेबांनी विचारलं, "झाडं मेली यात गुन्हा काय? पाणी घातलं नसेल तुम्ही." मी म्हटलं साहेब, प्लास्टिकची झाडं आहेत. ते म्हणाले, "मग ती मेली कशी?" शप्पथ, अस्संच म्हणाले. मग दिवाणी मामला आहे म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या खेपेला साहेब बदललेले, सगळं पहिल्यापासून सांगा, तिसऱ्या खेपेला कागद दुसऱ्या टेबलावर गेलेले, चौथ्या खेपेला म्हणे तज्ज्ञाचा अहवाल आणा. तज्ज्ञ म्हणजे कोण ते लिहून द्या म्हटलं तर ते आमच्या अखत्यारीत नाही. ग्राहक आयोगाकडे गेलो, तिथे सांगितलं तुम्ही व्यवसायासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. 9 लाख देऊन मी ग्राहकसुद्धा नाही! बिलावरचा टॅक्स नंबर टाकून बघितला तर तो भलत्याच धंद्याचा, तेही लेखी कळवलं, पोच मिळाली, पुढे सामसूम. आणि शेवटी पालिकेत अर्ज दिला की अशा कंत्राटदारांवर काहीतरी करा, तर 15 दिवसांनी नोटीस आली. कोणाला? मला! दर्शनी भागावर विनापरवाना सांगाडा लावल्याबद्दल खुलासा करा. म्हणून परवानगीचं "आम्ही बघून घेतो" असं कोणी म्हणालं तर परवानगीचा कागद हातात घ्या, नाव तुमचंच लागतं.

शेवटचे 90 हजार दिले नाहीत एवढंच वाचलं. निदान पाव रक्कम एक आख्खा उन्हाळा जाईपर्यंत अडकवून ठेवा, नाही म्हणाला तर तिथेच नमस्कार करा. मेंटेनन्सचे पैसे महिन्याच्या महिन्याला, झाडं मोजून.

आता हे लिहायला बसलो ते कशामुळे, तर गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका डॉक्टरांना कोटेशन आलंय. कंपनीचं नाव वेगळं, नंबर वेगळा, दर तोच 15 हजार. त्यात "आमची कामं" म्हणून एक फोटो आहे, हिरवीगार भिंत, पुढे खुर्च्या मांडलेल्या, आमचा बोर्ड कापून टाकलाय. तुमच्याकडे तो फोटो आला तर खालून तिसरी ओळ झूम करून बघा. एक स्पायडर प्लांट जरा वाकडं आहे. ते मी खोचलेलं.