पार्लरच्या कोर्सची फी आणि माझ्या नावावरचे कर्ज

२०२३ च्या जून महिन्यात मी पुण्यातील एका खासगी संस्थेत सौंदर्योपचार आणि केशरचनेच्या प्राथमिक प्रशिक्षणाला प्रवेश घेतला. तीन महिन्यांच्या त्या कोर्ससाठी मी १ लाख २० हजार रुपये मोजले. त्यांतले ९० हजार रुपये कर्जाचे होते, आणि ते कर्ज माझ्या नावावर निघाले आहे हे मला पहिला हप्ता बँकेच्या खात्यातून परस्पर वळता झाल्यावर कळले. संस्थेचे नाव मी येथे देत नाही. त्यांची पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण नंतर मला भेटलेल्या तीन-चार मुलींनी वेगवेगळ्या संस्थांबद्दल हीच हकीकत सांगितली.

मी कोरेगाव तालुक्यातली. धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर गावात स्वतःचे छोटे पार्लर काढावे असे मनात आले. मुले सासूबाईंनी सांभाळायची आणि मी तीन महिने हडपसरला नणंदेकडे राहून शिकायचे, असे घरात ठरले. भिशीचे ३० हजार रुपये जवळ होते.

संस्थेत गेले त्या दिवशी दर्शनी भागात आरसे, खुर्च्या आणि ओळीने मांडलेली डमी डोकी होती. काउन्सेलर म्हणून बसलेल्या मुलीने तासभर माहिती दिली. वर्ग बघायला मिळेल का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, बॅच चालू आहे, मुलींचे लक्ष विचलित होते." तेव्हा मला ते बरोबर वाटले. आज वाटते की मी तिथूनच परत फिरायला हवे होते. ज्या विद्येत सगळे काही हाताने करून दाखवायचे असते, ती शिकवताना दाखवण्यासारखे काही असते तर त्यांनी स्वतःहून दार उघडून दाखवले असते.

"आज ॲडमिशन घेतलीत तर २० हजारांची सूट आहे, उद्या ती राहणार नाही," असे सांगून तिने आधार कार्ड, पॅन कार्ड आणि पासबुकाचे फोटो घेतले. माझ्या मोबाईलवर आलेला ओटीपी तिने तीन वेळा विचारून घेतला. हे सगळे "फी हप्त्याने भरण्याची सोय" म्हणून चालले होते. प्रत्यक्षात तो एका वित्त कंपनीशी झालेला कर्जाचा करार होता, आणि दरमहा साडेसात हजार रुपये खात्यातून वळते करण्याची संमतीही त्याच ओटीपींनी गेली होती. कराराची इंग्रजी प्रत मोबाईलवर आली होती. ती मी उघडलीही नाही, ही माझी चूक मी मान्य करते.

या व्यवहाराची रचना समजून घेणे फार गरजेचे आहे. वित्त कंपनी कोर्सची रक्कम संस्थेला एकदम देऊन टाकते. "व्याज नाही" असे सांगतात, तेव्हा त्या व्याजाचा भार बहुधा संस्थेने उचललेला असतो आणि तो फीमध्ये आधीच धरलेला असतो. मग विद्यार्थिनी रोज आली काय किंवा मध्येच सोडून गेली काय, संस्थेचे पैसे आलेले असतात, आणि हप्ते मात्र विद्यार्थिनीला वर्षभर फेडावे लागतात. मोबाईलवरून दिल्या जाणाऱ्या अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले आहेत. त्यांनुसार कर्जाचा एकूण खर्च सांगणारे पत्रक आधी द्यावे लागते, आणि करारात लिहिलेल्या सुरुवातीच्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. मला हे माहीत झाले तोपर्यंत ती मुदत कधीच उलटून गेली होती.

वर्ग सुरू झाल्यावर बारा मुलींची सांगितलेली बॅच सत्तावीसची निघाली. आठवड्यातून सहा दिवस चार-चार तास शिकवणार होते, ते दुसऱ्या आठवड्यापासूनच तीन दिवस आणि दीड तास झाले. पहिल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी आम्हाला दोरा तोंडात धरून, दोन्ही हातांच्या बोटांत पिळा सरकवत आधी स्वतःच्या पायावर आणि मग एकमेकींच्या भुवयांवर थ्रेडिंग करायला लावले. मला त्या कोर्समधून खरोखर जे आले ते त्या चार दिवसांत आले. दुसऱ्या महिन्यात त्या बाई सोडून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या दोघी एकामागून एक निघून गेल्या आणि शेवटी जुन्या बॅचमधली एक मुलगीच आम्हाला शिकवू लागली.

किटचे ९ हजार रुपये वेगळे घेतले होते. त्यातल्या डमीचे केस कृत्रिम होते. स्ट्रेटनिंग शिकवण्याच्या दिवशी माझ्या शेजारच्या मुलीने गरम मशीन लावताच त्या केसांचे टोक आखडले, प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला आणि मशीनच्या पट्ट्यांना चिकट थर बसला. असले केस रंगही धरत नाहीत, म्हणून हेअर कलर आम्ही वहीतच शिकलो: रंगात कालवायच्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किती, तर १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. वाटीत रंग आणि डेव्हलपर कालवून ब्रशने मुळापासून किती अंतर सोडून लावायचा, हे एकीनेही केले नाही. रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून त्वचेला तो सोसतो का ते पाहावे लागते, ही गोष्ट तर कोणी उच्चारलीही नाही. त्यात ग्राहकाच्या चेहऱ्याची सुरक्षितता आहे, म्हणून मला याचा राग सर्वांत जास्त येतो. केस कापण्याच्या सरावासाठी "मॉडेल तुम्हीच आणा" असे सांगितले. परगावाहून आलेल्या मुलींनी कोणाला आणायचे?

नोव्हेंबरमध्ये साताऱ्यातील एका पार्लरमध्ये मी काम मागायला गेले. तिथल्या बाईंनी त्यांच्या मदतनीस मुलीला खुर्चीत बसवून मला साधा यू कट करायला सांगितला. मी केस ओले केले, कानापासून कानापर्यंत भाग पाडला, पण मानेवरची पहिली बट, जिच्या मापाने पुढचे सगळे केस कापायचे असतात, ती बोटांत किती ताणून धरायची हेच माझ्या हाताला कळेना. दोन वेळा कात्री लावली आणि दोन्ही वेळा लांबी वेगळी आली. बाईंनी कात्री माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाल्या, "पोरी, तुला कापायला डोकी मिळालीच नाहीत."

माझे प्रमाणपत्रही त्यांनी पाहिले. त्यावर "आंतरराष्ट्रीय" असे लिहिलेले होते, एक चकाकता शिक्का होता आणि आयएसओचा क्रमांक होता. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीसाठी असते, त्याने अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. या क्षेत्रात सिडेस्को या झुरिकच्या जुन्या संस्थेचा डिप्लोमा खरोखर जगभर चालतो, आणि आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर व्यवसाय शिक्षणाची मान्यता एनसीव्हीईटी या केंद्र सरकारच्या व्यवसाय शिक्षण परिषदेच्या चौकटीतून येते. माझ्या कागदावर यांपैकी कोणाचेच नाव नव्हते.

पैसे परत मागितले तेव्हा पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली "फी परत मिळणार नाही" ही ओळ दाखवली गेली. हप्ते थांबवावेत असे फार वाटले, पण कर्जाचा करार वित्त कंपनीशी असल्याने थकबाकी माझ्याच नावावर चढली असती आणि पुढे पार्लरसाठी बँकेने मला दारात उभे केले नसते, म्हणून मी ते भरत राहिले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची नोटीस पाठवल्यावर संस्थेने २२ हजार रुपये परत केले. उपयोगी पडले ते वेळापत्रक रद्द केल्याचे व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि कृत्रिम केसांच्या जळालेल्या डमीचा फोटो. नोकरी लावून देण्याचे आश्वासन तोंडी होते, त्याचे काहीच झाले नाही. आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. कर्ज न सांगता गळ्यात मारले असेल तर आधी वित्त कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. हा मार्ग मला उशिरा कळला.

जाणीवपूर्वक सांगते की याच विद्येचे सरकारी मार्ग आहेत आणि ते मला कोणी सांगितले नव्हते. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्याला दहावी उत्तीर्ण असावे लागते. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये पार्लरचे प्रशिक्षण राहण्या-जेवणासह विनामूल्य मिळते.

जानेवारी २०२४ पासून मी साताऱ्याच्या त्याच बाईंकडे जाऊ लागले. पहिले तीन महिने फक्त केस धुणे, टॉवेल उकळणे आणि त्या कापत असताना शेजारी उभे राहणे, एवढेच काम होते. कर्जाचा शेवटचा हप्ता जुलैमध्ये गेला. मागच्या उन्हाळ्यात माझी भाची असाच कोर्स करायचा म्हणत होती, तेव्हा मी तिला घेऊन ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत गेले आणि वर्ग बघायचा आहे असे सांगितले. आत मुली एकमेकींच्या भुवया करत होत्या. आम्हाला दोन खुर्च्या दिल्या आणि हवा तेवढा वेळ बसू दिले.